सात अक्षरं आणि दोन टंबलर कॉफी

मामा, मी जिंकले होते! अहो सेतुमामा, ऐकताय ना? खरंच जिंकले होते मी, कुणी दया म्हणून सोडून दिलं नव्हतं! काल तुमचा तेरावा झाला आणि आज मी घरात नाचतेय. आमचे हे पेपरातून मान वर काढून म्हणाले, "सुलभा, अगं जरा तरी." काय जरा तरी? अकरा वर्षं दर रविवारी तुमच्याकडून मार खाल्लेल्या बाईला एवढाही हक्क नाही? तुम्ही असतात तर म्हणाला असतात, "नाच गे नाच, पण पट हालवूं नको."

आता पहिल्यापासून सांगते. सगळं क्रमानं सांगितल्याशिवाय मला चैन पडायची नाही. आणि दर दोन वाक्यांनी "अगें पण" म्हणून मध्ये तोंड घालायची तुमची जी सवय होती, ती आज काही चालायची नाही.

चेन्नईत, पेरंबूरच्या या इमारतीत आम्ही राहायला आलो त्याच आठवड्यातली गोष्ट. मी खाली फाटकापाशी उभी राहून फोनवर मिरजेच्या बहिणीशी भांडत होते, चांगली तावातावानं, कारण इथे कुणाला कळणार आहे? तेवढ्यात मागून आवाज आला, "बाई, तुम्ही मराठी काय? अम्ही पण मराठीच." वळून बघते तर पांढरी वेष्टी, म्हणजे इकडचं धोतर, कपाळावर गोपीचंदन, हातात कढीपत्त्याची जुडी. तुमचं बोलणं ऐकून मला हसूच फुटलं. "तुमचं मराठी कुठलं हो?" मी विचारलं. तुम्ही छाती काढून म्हणालात, "तंजावरचें. तुमचें कुठलें?" जसं काही खुलासा मीच द्यायला हवा होता! कैक पिढ्यांपूर्वी तुमचं घराणं दक्षिणेत आलं, तुम्ही जन्मात महाराष्ट्र पाहिला नव्हता, आणि तरी माझ्या क्रियापदांना नावं ठेवायची तुमची तयारी होती.

त्या दिवाळीत मी तुम्हाला हौसेनं दिवाळी अंक आणून दिला. तुम्ही पानं उलटली, चित्रं बघितली, जाहिराती बघितल्या आणि अंक परत माझ्या हातात ठेवलात. "हीं अक्षरें मला येत नाहींत," म्हणालात. मी चाटच पडले. घरात सकाळ-संध्याकाळ मराठी बोलणारा माणूस आणि देवनागरी येत नाही? तुमच्या टेबलावर पडलेल्या वह्या सगळ्या तमिळ अक्षरांत होत्या. मी मनात म्हटलं, बोलायला मराठी आणि लिहायला तमिळ, ठीक आहे. आणि मला तर इतकी वर्षं इथे राहून तमिळ कामापुरतं बोलता येतं, पण वाचायला येत नाही, बसची पाटीही मी आकड्यावरून ओळखते. केंद्र सरकारच्या शाळेत गणित शिकवायचं, सगळं इंग्रजीत चालतं, गरजच पडली नाही. खरं सांगायचं तर आळस. तुम्ही माझ्याकडे बघितलंत आणि कपाटावरून एक जुना खोका काढलात. "तुझीं अक्षरें मला येत नाहींत, माझीं तुला नाहींत. मग दोघांसही येतात तीं घेऊं." आणि खोक्यातून निघाल्या इंग्रजी अक्षरांच्या लाकडी चकत्या, पिशवी आणि चौकटींचा पट. दोन मराठी माणसं चेन्नईत बसून इंग्रजी शब्द जुळवणार! मी आमच्या ह्यांना सांगितलं तर ते दोन दिवस हसत होते.

पहिल्या रविवारी तुम्ही मला दीडशे गुणांनी हरवलंत. मी, गणिताची बाई! घरी येऊन मी भांडी आदळली. दुसऱ्या रविवारी परत तेच. तिसऱ्या रविवारी मी पट बाजूला सारला आणि म्हटलं, "मामा, तुम्ही करता काय ते सांगा, नाहीतर मी येणार नाही." तेव्हा तुम्ही ते चार पत्र्याचे डबे उघडलेत.

एकेचाळीस वर्षं तुम्ही एग्मोर रेल्वे स्टेशनच्या पार्सल ऑफिसात काढलीत. पत्ता फाटलेली, मालक न आलेली पार्सलं कशी लावायची, तर कुठून आली यावरून नव्हे, आत काय आहे यावरून. छत्र्या एका खणात, पितळी भांडी एका खणात. शब्दांचंही तुम्ही तसंच केलं होतंत. "पहिल्या अक्षरावरून शब्द शोधणारा गाढव," तुम्ही म्हणालात. "आंत कोणतीं अक्षरें अहेत तें पाहा." मग शब्दातली अक्षरं सोडवायची, ए-बी-सी-डीच्या क्रमानं एका ओळीत लावायची, आणि त्या ओळीच्या नावानं एक कार्ड. तुम्ही चकत्या मांडून दाखवलंत. ए, ई, टी. या तीन अक्षरांच्या खणात टी आहे, म्हणजे चहा. ईट आहे, म्हणजे खा. आणि एट आहे, म्हणजे खाल्लं. तीन पार्सलं, खण एकच. अगं बाई, हे तर गणित होतं! पंचवीस वर्षं मुलांना जे फळ्यावर शिकवते, ते या वेष्टीतल्या माणसानं बिस्किटांच्या डब्यात घालून ठेवलं होतं. त्या दिवशी मी तुमच्याकडेच बसून राहिले आणि घरी रात्रीचं जेवण करायचंही विसरले. ह्यांनी ब्रेड खाल्ला.

डब्यात सोपे शब्द नव्हते, ते डोक्यात असतात म्हणायचात. कार्डं फक्त अवघड शब्दांची. यू नसलेल्या क्यूचे शब्द, ज्यात एकही स्वर नाही असे शब्द, झेड खपवायला दोन अक्षरी शब्द. कार्डाच्या पुढच्या बाजूला शब्द आणि तारीख, मागच्या बाजूला तमिळ अक्षरांत दोन ओळी. "हे काय लिहिलंय?" मी एकदा विचारलं होतं. "शब्द कुठें भेटला तें," तुम्ही म्हणालात. माणसं भेटतात तसे तुम्हाला शब्द भेटायचे. एक दाढी करताना, एक बँकेच्या रांगेत, एक माझ्याच तोंडून. मला भारी कौतुक वाटायचं, पण मागे काय लिहिलंय ते वाचून दाखवा असं म्हणायचं कधी सुचलं नाही.

भांडलो किती! ज्याचा अर्थ सांगता येत नाही असा शब्द लावायचा नाही, हे माझं ठाम मत. तुमचं म्हणणं, "पार्सल फोडून पाहतों काय अम्ही? पत्ता बरोबर अहे, पोंचवलें, पुरें." आणि हेच तुम्ही, जे मला सांगत होतात की आत काय आहे ते पाहा! एकदा म्हणायचं आत बघा, एकदा म्हणायचं बघू नका. हे मी तुमच्या तोंडावर सांगितलं तेव्हा तुम्ही कॉफीचा घोट जरा जास्त वेळ तोंडात धरलात. त्याचं उत्तर तुम्ही अजून दिलेलं नाही, मामा. मी विसरले आहे असं समजू नका.

आणि ते आपलं चेन्नईजवळचं कोवलम! तुमचा मुलगा व्यंकटेश आपल्याला गाडीतून घेऊन गेला होता. वाळूवर ओढून ठेवलेल्या होड्या, मासळीचा वास, उन्हानं डोळे मिटतायत, आणि तुम्ही होडीला हात लावून ओरडलात, "कॅटमरन! नऊ अक्षरें! अमच्या तमिळाकडून गेला इंग्रजींत! तुझ्या मराठीचा एक दाखव पाहूं!" मी चिडून तीन आठवडे शब्दकोश पालथा घातला आणि मिळाला, मंगूस, आपलं मुंगूस! खुद्द शब्दकोशात लिहिलंय की मराठीतून आला. धावत तुमच्या दारात आले, धापा टाकत सांगितलं, तर तुम्ही शांतपणे म्हणालात, "मुंगूस तंजावरासही अहे. तो अमचाही." म्हणजे कॅटमरन तुमचं आणि मुंगूसही तुमचंच! मला रडावं की हसावं कळेना. पण तुम्ही मुंगूसाचं कार्ड केलंत आणि मागे काहीतरी लिहिलंत.

नियम तुमचे पक्के. हरणाऱ्यानं पुढच्या रविवारी तीन वाजता कॉफी करायची. जिंकणाऱ्यानं कॉफीला नावं ठेवायची नाहीत. खेळ संपला की उरलेली अक्षरं न दाखवता पिशवीत टाकायची. अकरा वर्षं कॉफी मी केली, तुमच्या स्वयंपाकघरात, तुमच्या फिल्टरमध्ये, आणि तुम्ही एकदाही नाव ठेवलं नाहीत. माझ्या हातची पहिली वर्षभराची कॉफी कशी असायची ते मला माहीत आहे. तेवढ्यासाठी तरी तुमचे आभार मानायला हवे होते, ते राहिलं.

आणि मग तो रविवार. पिशवी रिकामी. माझ्याकडे तीन अक्षरं, तुमच्याकडे सात. मी पुढे होते, पण सातही अक्षरं एका शब्दात लावली तर पन्नास गुण वरचे मिळतात, आणि तुम्ही ती लावणार हे मला माहीतच होतं, नेहमीच लावायचात. तुम्ही अकरा मिनिटं बसलात. मी घड्याळ बघत होते. चष्मा काढलात, पुसलात, परत घातलात. चकत्या मागेपुढे केल्यात. आणि शेवटी लावलंत काय, तर कॅप. टोपी! तीन अक्षरी! मी माझी तिन्ही लावली आणि खेळ संपवला. एकोणीस गुणांनी मी जिंकले. तुम्ही उरलेली चार अक्षरं पिशवीत टाकलीत आणि म्हणालात, "आनंद जाहला." जिने चढत घरी आले, लिफ्टची वाट बघायला कुणाला दम होता!

माझा तो आनंद चोवीस तासही टिकला नाही. सोमवारी शाळेतून येताना लिफ्टमध्ये वसंता मामी भेटल्या. समोरच्या फ्लॅटमधल्या, तमिळच्या निवृत्त शिक्षिका, ज्यांना इमारतीतलं सगळं ठाऊक असतं. मी सांगितलं, अगदी मिरवून सांगितलं. त्या माझा हात थोपटत म्हणाल्या, "पावम, बिचारे. किती वर्षं हरवणार तुला? दिलं असेल सोडून." एवढंच बोलून त्या तिसऱ्या मजल्यावर उतरून गेल्या, आणि मी तशीच परत खाली, दुसऱ्या मजल्यावर, तुमच्या दारात.

"मुद्दाम हरलात का?" मी विचारलं. नमस्कार नाही, चमत्कार नाही.

"नाहीं."

"मग तुमची सात अक्षरं कोणती होती?"

तुमचा चेहरा असा काही झाला, मामा! कानापर्यंत लाल. तुम्ही खाली बघितलंत, वेष्टीचं टोक चाचपलंत आणि म्हणालात, "पिशवींत गेलीं. आतां कशास तें?" अकरा वर्षांपूर्वीच्या खेळातली अक्षरं तोंडपाठ सांगणारा माणूस कालची विसरला? मी काय ते समजले. म्हटलं, "मला भीक नको होती." आणि निघून आले.

पुढच्या रविवारी मी आले नाही. त्याच्या पुढच्याही नाही. एकदा फाटकापाशी तुम्ही विचारलंत, "रविवारीं?" मी म्हटलं, "पेपर तपासायचेत." तेव्हा परीक्षा संपून पंधरा दिवस झाले होते, आणि ते तुम्हालाही माहीत होतं. असे चार रविवार मी घालवले. पाचव्या आठवड्यात तुम्हाला दवाखान्यात नेलं. मी दोनदा आले. आपण सलाइनबद्दल बोललो, तिथल्या इडलीबद्दल बोललो, तुम्ही नर्सच्या नावातली अक्षरं फिरवून तिला हसवलंत. फक्त त्या खेळाबद्दल बोललो नाही. मी मनात म्हणत होते, तुम्ही घरी आलात की सांगेन, मामा, झालं गेलं सोडा, रविवारी येते. तुम्ही घरी आलाच नाहीत. माझ्याच नाकावरच्या रागानं चार रविवार खाल्ले, आणि ते परत मिळायचे नाहीत, हे मी या पंधरा दिवसांत किती वेळा स्वतःला ऐकवलंय ते माझं मलाच माहीत.

काल संध्याकाळी तेराव्याचं सगळं आवरल्यावर व्यंकटेश वर आला. त्याला आज सकाळीच सिरुसेरीला परत जायचं होतं, सोमवारी कामावर हजर व्हायचं होतं. हातात ते चार डबे आणि वर गुणांची वही. "अप्पांनी सांगितलं होतं, सुलभा आंटीला द्या," म्हणाला. मी डबे घेतले आणि तसेच टेबलावर ठेवून दिले.

आज सकाळी वही उघडली. वही नेहमी तुम्हीच लिहायचात, मी कधी आत डोकावले नव्हते. प्रत्येक खेळाला एक पान. डावीकडे गुण, उजवीकडे खेळ संपतानाचा पट बारीक चौकटींत काढलेला, आणि खाली इंग्रजी अक्षरांत तुमच्या शेवटच्या पाळीला हातात असलेली अक्षरं. शेवटच्या पानावर आले. होती तिथे! सातही! ए, सी, ई, एल, पी, आर, एस.

मी सात कागद फाडले, अक्षरं लिहिली आणि जेवणाच्या टेबलावर मांडली. म्हटलं, यातून सात अक्षरी शब्द होतच नसेल तर मामा सुटले, आणि मीही सुटले. अर्धा तास गेला. आणि मग दिसला, मामा. तुम्हाला सांगायला नकोच. पार्सल्स. माझ्या ‘लॅम्प’च्या शेवटी एस जोडून उभा छान बसत होता, पन्नास वरचे धरून तुम्ही मला धूळ चारली असतीत.

पार्सल! अहो, जगातल्या दुसऱ्या कुठल्याही माणसाला हा शब्द दिसला नसता तर मी मानलं असतं. पण एकेचाळीस वर्षं पार्सल ऑफिसात बसलेल्या माणसाला पार्सल दिसत नाही? कोण विश्वास ठेवेल? मी तर नाही. माझा संशय खराच होता. तुम्ही मला सोडून दिलं होतंत, वर तोंडावर नाही म्हणून सांगितलंत. माझ्या डोळ्यांत पाणी आलं ते दुःखाचं की संतापाचं, सांगता येणार नाही.

संतापात डबे उघडले. ए-सी-ई नं सुरू होणारा खण काढला. तुम्ही सोप्या शब्दांची कार्डं करत नव्हतात, तरी बघितलं. आणि होतं कार्ड! पुढे ‘पार्सल्स’, आणि तारीख त्या सोमवारची, म्हणजे खेळाच्या दुसऱ्या दिवसाची. मागे नेहमीसारख्या दोन ओळी नव्हत्या, पाठ पूर्ण भरली होती, कडेकडेनं उभ्या ओळीसुद्धा. सगळं तमिळ अक्षरांत. एक अक्षर मला लागेना.

व्यंकटेश गाडीत असणार. आणि तो असता तरी त्याला काय सांगणार होते, की तुझ्या वडिलांशी मी या एका खेळावरून अबोला धरला होता? मग सरळ समोरचं दार वाजवलं. तमिळ वाचायचं तर तमिळची शिक्षिका हवी. वसंता मामींनी चष्मा लावला, कार्ड लांब धरलं, वर्गात उभ्या राहिल्यासारखा घसा साफ केला आणि दुसऱ्याच शब्दाला थांबल्या. "इदु तमिळ इल्लै, मा," त्या कपाळाला आठ्या घालून म्हणाल्या. हे तमिळ नाही. "अक्षरं तमिळ आहेत, पण शब्द कुठलेच नाहीत. म्हातारपणी डोकं..."

"वाचा तर खरं," मी म्हटलं. "जसं लिहिलंय तसं वाचा."

त्या नाखुशीनं वाचू लागल्या, एकेक शब्द तोडत, आणि मामा, आईशपथ सांगते, त्यांच्या तोंडून तुम्ही बोलायला लागलात! मराठी! तुमचं मराठी! तमिळ लिपीत ख नाही, घ नाही, भ नाही, माझी सुलभा त्यांच्या तोंडी सुलबा झाली, पण शब्द तुमचे, चाल तुमची. अकरा वर्षं ज्या वह्यांना मी तमिळ समजत होते, त्या सगळ्या मराठी होत्या. त्यांना एक अक्षर कळत नव्हतं आणि मला सगळं कळत होतं. मी मामींच्या पेपराच्या कोऱ्या कडेनं लिहून घेतलं, इथे तुमच्या शब्दांत देते:

"सोमवार, सकाळ. कुरियरवाला दारांत आला. ‘सार, पार्सल’ म्हणाला. तेव्हां दिसलें. सातही अक्षरें. दार धरून उभा राहिलों. तो म्हणाला, सार, सही. एकेचाळीस वर्षें पार्सलांत बसलों, काल अकरा मिनिटें पाहिलों, आणि दिसलें नाहीं. हें कोणत्या तोंडानें सांगूं? मोठमोठे शब्द शोधत होतों. सुलभेस सांगितलों तर म्हणेल, काल दिसलें होतें, मुद्दाम टाकलांत. न सांगितलों तरी तेंच म्हणेल. ती जिंकली. माझी लाज माझ्याकडे राहूं दे, तिचें जिंकणें तिच्याकडे. हें कार्ड तिला कधीं तरी सांपडेल."

‘सार, पार्सल’ एवढं मामींना कळलं, आणि त्या हसायला लागल्या. "काय आलं होतं पार्सल?" मी विचारलं, वेड्यासारखं. "गुडघ्याचा पट्टा," मामी म्हणाल्या. "मीच मागवून दिला होता." मग आम्ही दोघी हसलो, मामा, पोट धरून हसलो, तुमच्या तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी, आणि हसता हसता मी त्यांना सगळं भाषांतर करून सांगितलं. सोडून दिलं नव्हतं! दिसलं नव्हतं! तुमचा चेहरा लाल झाला तो खोटं बोलल्यानं नव्हे, लाजेनं. आणि मी त्याच लाजेवर बोट ठेवलं होतं. मी जिंकले होते, आणि तुम्ही ते माझ्यासाठी जपून ठेवलं होतंत, मी शिव्या घालत असतानासुद्धा.

मग मामींनी चष्मा काढून मांडीवर ठेवला. म्हणाल्या, "एक सांगायचं होतं तुला. त्याच्या पुढच्या रविवारी ते माझ्याकडे दूध मागायला आले होते. मी म्हटलं, मामा, तुम्ही कॉफी करणार? ते म्हणाले, हरलोय, केलीच पाहिजे. नंतर मी दूध पुरलं का बघायला गेले, तर दोन टंबलर मांडून बसले होते. पाच वाजेपर्यंत."

अकरा वर्षांत एकदाच तुमच्यावर कॉफी करायची पाळी आली, आणि मी वर बसून नसलेल्या पेपरांचं सोंग करत होते. काय बोलू, मामा? चुकलं. माझं चुकलं. हे मी दवाखान्यात म्हणायला हवं होतं, फाटकापाशी म्हणायला हवं होतं, ते आता म्हणतेय, आणि तेही देवनागरीत, जी तुम्हाला वाचता येत नाही. म्हणून लिहून झाल्यावर मोठ्यानं वाचणार आहे. ऐकायला तर मराठी तुम्हाला माझ्यापेक्षा बरं येतं. आणि उद्यापासून मामी मला तमिळ अक्षरं शिकवणार आहेत. चार डबे कार्डं आहेत, प्रत्येकाच्या मागे तुम्ही आहात, आणि मुंगूसाच्या मागे काय लिहिलंय ते मला दुसऱ्या कुणाकडून ऐकायचं नाहीये.

आज रविवार. तीन वाजले तेव्हा मी पट मांडला होता, नुसताच, सवयीनं. दार वाजलं. वसंता मामी, हातात दोन टंबलर, खाली त्यांच्या पसरट वाट्या, म्हणजे डबरा, वर फेस. "ते तर येऊ शकत नाहीत," त्या म्हणाल्या. "दूध माझंच होतं, कॉफी पण मीच करते. जिंकलेलीनं बसायचं."

मी बसले. कॉफीत साखर भयंकर जास्त होती, मामा, आणि फिल्टरचं डिकॉक्शन पातळ. मी पूर्ण टंबलर प्यायले आणि काही बोलले नाही.